आउट ऑफ द ब्लू, पाऊस आणि बापूंची एलपी

शनिवारी संध्याकाळी पाऊस लागला म्हणून आम्ही सहाही जण अमृततुल्यच्या पत्र्याखाली सरकलो, चहा सांगितला, आणि सोन्यानं बॅगेतनं त्याचा तो मूठभर स्पीकर काढून बाकड्यावर ठेवला. काहीतरी लावलं त्यानं आणि पहिले काही सेकंद कोणालाच काही कळलं नाही, कारण स्पीकरमधनं पावसाचाच आवाज येत होता. पत्र्यावरचा पाऊस कुठला आणि आतला कुठला हे कळेना, मग ढग गडगडले आणि मागोमाग व्हायोलिनं अंगावर आली. बापू कप खाली ठेवून म्हणाले, "अरे ही तर माझी तिसरी बाजू!"

बापू आमच्यात सगळ्यात मोठे, रिटायर्ड. त्यांची तिसरी बाजू म्हणजे ईएलओच्या, म्हणजे इलेक्ट्रिक लाइट ऑर्केस्ट्रा या इंग्लिश बँडच्या 'आउट ऑफ द ब्लू'ची तिसरी बाजू. १९७७चा डबल अल्बम, दोन एलपी, चार बाजू, मिळून ७० मिनिटं. सोन्यानं लावलं होतं ते २००७चं रिमास्टर, म्हणजे जुन्याच टेपचा आवाज नव्यानं साफसूफ केलेलं, अल्बमला ३० वर्षं झाली तेव्हा काढलेलं. पॉडकास्टचा आवाज साफ करायचं काम करतो तो, वय २४, आणि हा अल्बम त्यानं गेल्याच महिन्यात पहिल्यांदा अख्खा ऐकला. "बापू, काय आवाज केलाय बघा, काल रेकॉर्ड केल्यासारखा," एवढंच तो बोलला आणि तिथनं सुरू झालं.

बापू म्हणाले, तेच तर माझं दुखणं आहे. आमच्या गावच्या देवळाचं केलं तसं, चांगलं काळ्या दगडाचं जुनं देऊळ, लोकांनी वर्गणी काढून त्याला ऑइलपेंट फासला, पिवळा आणि गुलाबी, आता लांबनं लखलखीत दिसतं पण दगडावरची छिन्नी कुठे गेली? बापू हे फार मनापासून बोलत होते, कारण त्यांच्या थोरल्या भावानं बोटीवर नोकरी करताना १९७८ साली न्यूयॉर्कहून ती एलपी आणली होती आणि त्यांनी ती तेव्हापासून जपलीय.

ताई व्हायोलिन शिकवते. ती म्हणाली, "बापू, उलटं पण असतं ना. शेंदराचा थर काढतात तेव्हा काय होतं? वर्षानुवर्षं शेंदूर लावून लावून मूर्तीचा नुसता गोळा झालेला असतो, थर उतरवला की आत नाक डोळे बोटं सगळं कोरलेलं निघतं. रिमास्टर म्हणजे तसं असू शकतं." आता ही दोन्ही उदाहरणं आपण डोळ्यांनी बघितलेली आहेत, त्यामुळे पुढचा सगळा वेळ भांडण याच्यावरच झालं की २००७ला जे केलं तो ऑइलपेंट की शेंदूर उतरवणं.

इथे सोन्यानं एक गोष्ट नीट समजावली, ती लिहितो कारण निम्मे लोक इथेच घोळ घालतात. रिमिक्स वेगळं आणि रिमास्टर वेगळं. रिमिक्समध्ये ड्रम, गिटार, आवाज, व्हायोलिन यांच्या सुट्या पट्ट्या परत उघडायच्या आणि कोण किती पुढे कोण किती मागे हे नव्यानं ठरवायचं. बीटल्सच्या सार्जंट पेपरचं जाइल्स मार्टिननं २०१७ला केलं ते रिमिक्स. रिमास्टरमध्ये सुट्या पट्ट्यांना हात नाही, जी शेवटची डाव्या-उजव्या स्पीकरची, म्हणजे स्टिरिओ टेप झाली तीच घ्यायची, चांगल्या मशिनवर वाजवून डिजिटल करायची, खालचे वरचे सूर थोडे इकडेतिकडे करायचे आणि एकूण आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवायचं. म्हणजे व्हायोलिनं मागची पुढे आणता येत नाहीत. स्वयंपाक झालेलाच आहे, तुम्ही फक्त वाढताना काय करता ते.

"आणि तिथेच माती खातात," ढोल्या म्हणाला. तो दहा वर्षं पथकात वाजवतोय, आणि त्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला. डिजिटलमध्ये आवाजाला वरती एक छत असतं, त्याच्या वर जाताच येत नाही. मग रेकॉर्ड मोठ्यानं वाजावी म्हणून काय करतात तर हळू भाग उचलून वर आणतात आणि वर जाणारे ठोके छतापाशी दाबून धरतात. सगळं एका उंचीचं होतं. ढोल्या म्हणाला, "आमच्याकडे नवीन पोरं येतात ती पहिल्या हातापासूनच जीव खाऊन मारतात, मी त्यांना सांगतो की आधी ताशा एकटा बोलू दे, लोकांना कान टवकारू दे, मग ५० ढोल एकदम पडले तर छातीत बसतात. पहिल्यापासून ५० वाजले तर पाचव्या मिनिटाला माणूस मोबाइल बघायला लागतो."

आणि या अल्बममध्ये हे जास्तच लागू होतं, कारण तिसरी बाजू ही अख्खी चढ-उतारावरच उभी आहे. तिचं नाव 'कॉन्चेर्टो फॉर अ रेनी डे', चार गाणी एकात एक गुंफलेली. बँडचा म्होरक्या जेफ लिन गाणी लिहायला स्वित्झर्लंडच्या डोंगरात एक घर भाड्यानं घेऊन बसला होता, दोन आठवडे धुकं आणि अंधार, एक ओळ सुचली नाही. मग एके दिवशी ऊन पडलं, समोर आल्प्स दिसले, त्यानं 'मिस्टर ब्लू स्काय' लिहिलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत आणखी १३ गाणी. मग रेकॉर्डिंग म्युनिकला, म्युझिकलँड स्टुडिओत, जॉर्जिओ मोरोडरनं उभारलेला, एका उंच इमारतीच्या तळघरात. तिथेच बाहेर पडणारा खरा पाऊस लिननं टेप केला आणि तोच सुरुवातीला वापरला. म्हणजे पाऊस, मग उदास, मग विजा, मग ऊन! आता पावसाचा आवाज उन्हाएवढाच मोठा केला तर ऊन पडल्याचं कळणार कसं, हा ढोल्याचा प्रश्न, आणि त्याला सोन्याकडे त्या वेळी उत्तर नव्हतं.

डॉक्टर इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला तुम्ही सगळे वाढण्यावर भांडताय, मला तर पदार्थच जड होतो. १७ गाणी, प्रत्येकात कॉयर म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, प्रत्येकात व्हायोलिन, पॉप गाण्याला लग्नाचा शालू नेसवल्यासारखं. आणि त्याच ऑक्टोबर १९७७मध्ये इंग्लंडमध्ये सेक्स पिस्टल्स या पंक बँडचा अल्बम आला, तीन कॉर्ड आणि संताप, बास. ती पोरं नेमकी याच थाटामाटाविरुद्ध उभी होती आणि त्यांचं बरोबर होतं. डॉक्टरचं म्हणणं खोडून काढायला मला वेळ लागला, कारण त्यात तथ्य आहे, दुसऱ्या बाजूचं 'जंगल' मला आजही पुढे ढकलावंसं वाटतं.

पण ताई भडकली. म्हणाली शालू नाहीये तो, अंगाची कातडी आहे. बर्मिंगहॅमची ही पोरं, १९७०ला बँड काढला तेव्हाच ठरवलं होतं की बीटल्सनी 'आय अ‍ॅम द वॉलरस'मध्ये चेलो, म्हणजे व्हायोलिनचे थोरले, खालच्या सुरांचे भाऊ, जिथे सोडले तिथनं पुढे जायचं. बँडमध्येच एक व्हायोलिन आणि दोन चेलो वाजवणारे, मिक कमिन्स्की, ह्यू मॅकडॉवेल आणि मेल्विन गेल, आणि रेकॉर्डवर त्यांच्या मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा, त्याची मांडणी लुई क्लार्क, रिचर्ड टँडी आणि लिन यांनी बसून केलेली. "'टर्न टू स्टोन' ऐक, व्हायोलिनं गाण्याला सजवत नाहीत, ती गिटारीचं काम करतात, ताल धरतात. आपल्याकडे शंकर-जयकिशनच्या गाण्यात सेबॅस्टियन डिसूझांनी वाद्यांची मांडणी करताना जे केलं, गोव्याच्या त्या सगळ्या व्हायोलिनवाल्यांनी आपल्या फिल्मी गाण्यांत जे वाजवलं, ते काढून घे आणि मग बघ गाणं उरतं का. तिथे तू कधी शालू म्हणत नाहीस." डॉक्टर म्हणाला ते मला लहानपणापासून सवयीचं आहे म्हणून असेल. हे त्यानं कबूल केलं ते मला आवडलं.

मग सोन्यानं २०१२चा विषय काढला. जेफ लिननं स्वतःच ही जुनी गाणी पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केली, बहुतेक वाद्यं एकट्यानं वाजवून, कारण जुनी रेकॉर्डिंग ऐकताना त्याला वाटायचं की आता मी हे जास्त चांगलं करू शकतो. "ज्यानं केलं त्यालाच समाधान नाही तर तुम्ही आम्ही कोण जुनंच खरं म्हणणारे?" प्रश्न चोख होता. बापू जरा वेळ घेऊन म्हणाले, अरे घर बांधणाऱ्याला भिंत कुठे तिरकी झाली ते कायम दिसतं, पण त्या भिंतीच्या सावलीत जे वाढले त्यांचं पण काही आहे ना. ढोल्याचं म्हणणं सरळ, नव्यात जुना ड्रमर बेव्ह बेव्हन नाही, संपला विषय. 'मिस्टर ब्लू स्काय'मध्ये तो जो लोखंडी ठण ठण आवाज आहे तो आग विझवायच्या नळकांड्यावर मारलेला आहे, आमच्या पथकात टोल असतो ना तसा, आणि तो मारणाऱ्याचा हात त्याला ओळखू येतो.

माझं मत विचाराल तर २०१२चं मी दोनदा ऐकलं आणि सोडून दिलं. स्वच्छ आहे, पण एक माणूस एकटा बसून वाजवतो तेव्हा सगळे एकाच वेळी श्वास घेतात. पाच-सहा माणसं असली की कोणीतरी केसभर आधी येतं, कोणी मागे, आणि त्या फटीतच जीव असतो. रिमास्टरचं मात्र मला ठरवता येत नव्हतं.

पाऊस कमी झाला तसे बापू म्हणाले चला घरी, बोलून काय होणार. डॉक्टरकडे नव्वदच्या सुमाराची जुनी सीडी होती ती त्यानं वाटेत घेतली. सोन्यानं एक अट घातली, तिन्ही एकाच उंचीवर लावायचे, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि माणूस फसतो. मग फोनवर मीटर लावून त्यानं तिन्हीचा आवाज सारखा केला, ताई खिडकीकडे तोंड करून बसली, म्हणजे काय लावलंय ते दिसू नये.

जुनी सीडी सगळ्यांनी पहिल्या मिनिटात बाजूला काढली, पातळ, खालचे सूर नाहीतच, चेलो असून नसल्यासारखे. रिमास्टर लावल्यावर ताईनं न बघता हात वर केला, "इथे चेलोच्या तारेवर गज घासलेला ऐकू येतंय." खरंच येत होतं. म्हणजे शेंदूर उतरला होता. पण 'मिस्टर ब्लू स्काय'च्या शेवटी जिथे गाणं थांबतं आणि ऑर्केस्ट्रा आणि कॉयर मोठा डोंगर उभा करतात तिथे मला रिमास्टरमध्ये गर्दी वाटली, सगळे दारात एकदम घुसल्यासारखे, आणि बापूंच्या एलपीवर, तिच्या सगळ्या चरचरीसकट, तो डोंगर पायरी पायरीनं वर जात होता. सोन्या एलपीच्या वेळी काहीच बोलला नाही, नुसता ऐकत होता, पहिल्यांदाच ऐकत होता तो एलपी. नंतर एवढंच म्हणाला की हळू भाग इतका हळू असेल असं वाटलं नव्हतं.

म्हणजे झालं असं की ताई आणि बापू दोघंही बरोबर निघाले, तार उघडी झाली आणि डोंगर बसका झाला, आणि माझं मत विचाराल तर चालण्या-फिरण्यात मी रिमास्टरच ऐकणार आहे, पण तिसरी बाजू पावसात ऐकायची असेल तर बापूंकडे जाणार आहे. तेवढ्यासाठी कोणी नवं रिमास्टर करत असेल तर पावसाला पावसाएवढंच ठेवा आणि उन्हाला जागा सोडा ही हात जोडून विनंती, टेप तीच आहे, करता येईल.

मधेच बापूंनी कव्हर उघडून दाखवलं. शुसेई नागाओकाचं ते अंतराळयान, आणि यानात शिरणाऱ्या छोट्या शटलवर बारीक अक्षरात जेटीएलए ८२३ एल२. बापूंनी बोट ठेवलं आणि मग कव्हरच्या कडेवर बोट ठेवलं, तिथेही तोच नंबर, अमेरिकन रेकॉर्डचा कॅटलॉग नंबर चित्रकारानं यानावर रंगवलाय. आत पुठ्ठ्याचं कापून जोडायचं अंतराळ स्थानक मिळायचं, ते बापूंच्या मुलीनं शाळेत असताना जोडलं होतं, एक पाकळी उलटी चिकटवलेली, अजून कपाटावर आहे. फोनवर हे कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. याला कुठलं रिमास्टर काय करणार!

आणि एक शेवटचं. 'मिस्टर ब्लू स्काय' संपताना व्होकोडरमधनं, म्हणजे माणसाचा आवाज यंत्रातनं काढतात त्यातनं, एक वाक्य येतं. सोन्या इतके दिवस समजत होता की तो गाण्याचं नावच घेतोय. बापू हसले, म्हणाले नीट ऐक. 'प्लीज टर्न मी ओव्हर.' मला पलटव. तिसरी बाजू संपली, रेकॉर्ड पलटवा असं रेकॉर्डच सांगतेय! सीडीवर, फोनवर, सगळीकडे ते वाक्य तसंच आहे आणि त्याच्यामागे लगेच पुढचं गाणं सुरू होतं, उलटं करायला काही नसतंच. सोन्यानं ते परत लावायला सांगितलं. बापूंनी सुई उचलून अलगद थोडी मागे ठेवली, आम्ही पुन्हा तो डोंगर ऐकला, पुन्हा ते वाक्य आलं, आणि या वेळी बापू बसूनच राहिले, सोन्याकडे बघून म्हणाले, "तुला सांगतेय ती, ऊठ."

सोन्या उठला, पँटला हात पुसले, तबकडी दोन्ही तळव्यांनी कडेला धरून उचलली, बापू सांगत होते, मधे बोट नको, हां, आता फिरव, सावकाश. सुई ठेवताना त्याचा हात थरथरत होता. चौथी बाजू सुरू झाली आणि डॉक्टरनं घरी फोन करून सांगितलं की जेवायला थांबू नका.