‘बर्फात पांढरा एलईडी लावा’ : केळीच्या गाड्यांवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

थंडी पडली की ड्रायव्हर मंडळींच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. गेल्या आठवड्यात एक तरुण ड्रायव्हर तोच मेसेज उघडून फोन माझ्यापुढे धरून म्हणाला, “काका, हे सगळं बसवून द्या. परवा सावद्याहून जम्मूचं लोडिंग आहे.” मी भुसावळला हायवेच्या कडेला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, बावीस वर्षं झाली. त्या पोराला जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण त्या मेसेजमधल्या काही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत.

मेसेज थोडक्यात असा: बर्फात किंवा दाट धुक्यात रात्री जायचं असेल तर जुने पिवळट हॅलोजन काढून ६५०० केल्विनचे पांढरे एलईडी बल्ब टाका, केल्विन जास्त म्हणजे उजेड जास्त. एलईडी परवडत नसेल तर १००/९० वॅटचे (लांबच्या झोताला १००, खालच्याला ९०) बल्ब टाका. अप्पर, म्हणजे लांब जाणारा वरचा झोत, लावूनच चालवा, लांबचं दिसतं. फॉग लाइट पिवळेच घ्या, पिवळा प्रकाश धुकं-बर्फ भेदतो. ते कॅबिनच्या छतावर बसवा, जितके उंच तितका पल्ला मोठा. चारही इंडिकेटर चालू ठेवा. आणि शेवटी, ‘मग ६० च्या स्पीडने बिनधास्त चला’.

खानदेशात बर्फ पडत नाही, आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पण रावेर-यावलची केळी दिल्ली, पंजाब, जम्मू-काश्मीरपर्यंत जाते आणि तिच्याबरोबर आपली पोरं जातात. जानेवारीत हरियाणा-पंजाबचं धुकं आणि जम्मू-श्रीनगर रस्त्यावरच्या बनिहालचा बर्फ त्यांच्या वाटेवर असतोच. घराजवळही चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पावसाळ्यात ढग रस्त्यावर उतरतो, तोरणमाळलाही तेच. म्हणून हे दुसऱ्या कुणाचं दुखणं म्हणून सोडून देता येत नाही.

आधी केल्विन. केल्विन हे उजेडाचं माप नाही, रंगाचं आहे. साधा हॅलोजन ३२०० केल्विनच्या आसपास असतो, म्हणून पिवळसर दिसतो. ६५०० चा पांढरा शुभ्र, ८००० चा निळसर. उजेड किती निघतो ते लुमेनमध्ये मोजतात. उलट निळा थर दिलेले हॅलोजन बल्ब जास्त केल्विनचे म्हणून विकले जातात, त्यांतून उजेड कमीच बाहेर पडतो, कारण तो थर काही उजेड अडवूनच रंग बदलतो.

आता एलईडीचं. एच-फोर, म्हणजे हेडलाइटचा नेहमीचा हॅलोजन बल्ब, हातात घेऊन उजेडाकडे धरा. आत दोन तारा दिसतील, आणि एका तारेखाली पत्र्याची छोटी वाटी. ती डिपरची, म्हणजे खाली झुकलेल्या झोताची तार. वाटीमुळे तिचा उजेड रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत आरशाच्या, खालच्या अर्ध्या भागावर पडतच नाही. वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर उतरतो. सगळं गणित त्या तारेच्या जागेवर बसवलेलं आहे. त्याच होल्डरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब खोचला की उजेड निघणारी जागा बदलते, तिचा आकारही बदलतो. एखाद्या मिलिमीटरचा फरक पडला तरी गाडी भिंतीसमोर उभी केल्यावर दिसणारी डिपरच्या उजेडाची स्वच्छ रेघ फिसकटते आणि उजेड वर उडतो. कोरड्या रस्त्यावर त्याचा त्रास समोरच्याला होतो. बर्फ पडत असताना तो उजेड हवेतल्या कणांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत येतो. कंपनीतूनच एलईडी दिवे बसून आलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा रिफ्लेक्टर किंवा भिंग त्याच एलईडीसाठी घडवलेलं असतं. त्यांना मी नावं ठेवत नाही.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिली. भाच्याच्या गाडीवर एकदा श्रीनगरपर्यंत गेलो होतो. बनिहालच्या अलीकडे रात्री बर्फ सुरू झाला आणि आम्ही एका ढाब्यावर थांबलो. शेजारच्या गाडीत एलईडी बल्ब घातलेले होते. तिच्या दिव्यांच्या काचांवर बोटभर जाड थर जमला होता, आतून उजेड येत होता पण दुधी, मेलेला. तिचा ड्रायव्हर हातमोजे नसलेल्या हाताने प्लास्टिकच्या कार्डाने थर खरवडत होता, आणि दहा मिनिटांत काच पुन्हा पांढरी होत होती. आमच्या हॅलोजनच्या काचेवर मधोमध तळहाताएवढा ओला गोल होता, त्यातून पाणी ओघळत होतं आणि बर्फ फक्त कडेला होता. कारण साधं आहे. हॅलोजन बल्ब विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवतो आणि त्यातली बरीच उष्णता पुढे काचेवर येते. एलईडीची उष्णता मागच्या पंख्यातून, पट्ट्यांतून बाहेर जाते आणि काच गारच राहते. एरवी हॅलोजनचा हा दोषच, पण बर्फात तोच उपयोगी पडतो. एलईडी असतीलच तर थांबून थांबून काच पुसायची तयारी ठेवा, आणि खरवडायला प्लास्टिकचंच काहीतरी घ्या, पत्रा लावला तर काचेवर ओरखडे पडतात.

१००/९० च्या बल्बांना मी सरळ नाही म्हणतो. माझ्या टेबलावर एक होल्डर ठेवलाय, एका पिकअपमधून काढलेला. मधली पट्टी काळी पडलीय, प्लास्टिक मेणासारखं ओघळून वायरला चिकटलंय. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८ च्या वर. दोन बल्ब मिळून १६ च्या पुढे. कंपनीची वायर, होल्डर आणि स्विच त्यासाठी बनवलेले नाहीत. वेगळा रिले (जास्त करंट झेलणारा स्विच) आणि जाड वायर टाकली तरी काचेमागचा रिफ्लेक्टर तापून करपतो, आणि मग नवा बल्ब टाकूनही उजेड मिळत नाही. त्याच पैशांत पिवळी पडलेली काच आणि काळवंडलेला रिफ्लेक्टर बदला. निम्म्या गाड्यांची तक्रार तेवढ्यानेच जाते.

अप्परचा सल्ला या सगळ्यांत जास्त घातक आहे. अमळनेरकडचा एक जुना ड्रायव्हर पहिल्या बर्फाची गोष्ट सांगताना म्हणाला होता, “अप्पर मारा तं समोर नुसती धवयी भीत दिखस, भो!” म्हणजे समोर नुसती पांढरी भिंत दिसते. अप्परचा उजेड सरळ आणि वर जातो. बर्फाचा प्रत्येक कण, धुक्याचा प्रत्येक थेंब त्यातला थोडा थोडा मागे फेकतो. लाखो कणांचा तो उजेड मिळून पडदा तयार होतो आणि त्याच्यामागचा रस्ता, कठडा, थांबलेला ट्रक सगळं लपतं. भरीला डोळ्यांच्या बाहुल्या त्या झगमगाटाने आकसतात, म्हणून डिपर केल्यावरही काही क्षण काही दिसत नाही. उडणाऱ्या कणांच्या रेघा अंगावर धावून आल्यासारख्या वाटतात आणि नजर त्यांच्यात अडकते. बर्फात डिपर. दाट धुक्यात डिपर आणि खाली बसवलेले फॉग लाइट. अप्पर तिथे हवाच कशाला?

पिवळ्या रंगाबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण हे शिकलेली माणसंही सांगतात. म्हणतात की निळा प्रकाश जास्त विखुरतो, पिवळा कमी, म्हणून पिवळा धुक्यातून आरपार जातो. निळा जास्त विखुरतो हे खरं, पण ते हवेच्या रेणूंसारख्या अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत. आकाश निळं दिसतं ते त्यामुळेच. धुक्याचा थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी पट मोठा असतो आणि बर्फाचा कण तर डोळ्यांना दिसतो. एवढ्या मोठ्या कणांपुढे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. पुरावा लांब शोधायला नको. धुक्याने निळा रंग जास्त फेकला असता तर कन्नड घाटातलं धुकं निळं दिसलं असतं. ते पांढरं दिसतं, ढग पांढरा दिसतो, बर्फ पांढरा दिसतो.

मग पिवळा वाईट का? अजिबात नाही. त्यात निळा भाग कमी असल्याने काही जणांच्या डोळ्यांना तो कमी टोचतो, आणि रात्रभर चालवणाऱ्याला तेवढंही पुष्कळ असतं. फ्रान्समध्ये तर अर्धशतकाहून जास्त काळ पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, ती सक्ती १९९३ मध्ये उठली. आवडत असेल तर पिवळे घ्या. पण पिवळे आहेत म्हणून लांबचं दिसेल या भरवशावर स्पीड वाढवू नका.

फॉग लाइट काम करतो तो रंगाने नाही, जागेने आणि आकाराने. त्याचा उजेड चपटा, रुंद, वरून कापलेला असतो आणि तो बंपरच्या खालच्या अंगाला बसवतात. म्हणजे उजेड जमिनीलगत पसरतो, रस्त्याच्या दोन्ही कडा दाखवतो आणि तुमच्या नजरेच्या रेषेत येत नाही. छतावर बसवला की हे सगळं उलटं होतं. दिवा डोळ्यांच्या जवळ येतो, उजेड नजरेच्या रेषेतूनच पुढे जातो आणि त्याच वाटेने परत येतो. गहू काढायच्या वेळी रात्री मळणी यंत्राजवळ उभे राहा. भुसा उडत असताना बॅटरी कपाळाला धरून पाहा, मग तीच गुडघ्याजवळ धरून पाहा. पहिल्या वेळी फक्त भुसा दिसेल, दुसऱ्या वेळी जमीन दिसेल. त्या पोराला मी हेच सांगितलं, शेतकऱ्याचाच मुलगा, लगेच पटलं.

छतावरच्या दिव्यांनी समोरच्याला काय होतं तेही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पुढचा दिवा असा खाली झुकलेला हवा की ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत. छतावरचा झोत यात बसवून दाखवणं अवघड आहे.

चारही इंडिकेटरचं उत्तर छोटं आहे. ते थांबलेल्या किंवा बंद पडलेल्या गाडीसाठी. चालत्या गाडीने लावले की मागच्याला ती उभी आहे की चालतेय ते कळत नाही, आणि तुम्ही वळताय हेही सांगता येत नाही. मागे लाल फॉग लाइट असेल तर दाट धुक्यात तो लावा आणि धुकं विरळ झालं की बंद करा. टेललाइटपेक्षा तो बराच प्रखर असतो, मागच्याला टोचतो.

आता ६० चा स्पीड. ६० ने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर कापते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी २५ मीटर गेले. कोरड्या डांबरावर त्यापुढे अजून २० मीटर लागतात. दाबलेल्या बर्फावर पकड एवढी कमी की तिथे ७० मीटरच्या आसपास लागतात, आणि हे चांगल्या टायरच्या हलक्या गाडीचं गणित आहे. म्हणजे एकूण ९५ मीटर. हवामान खातं २०० मीटरच्या आत दिसेनासं झालं की दाट धुकं म्हणतं, ५० मीटरच्या आत गेलं की अतिदाट. ५० मीटर दिसतंय आणि थांबायला ९५ लागतात, हे कुठल्याही बल्बने भरून निघत नाही. तेच ३० च्या स्पीडला बर्फावरही साधारण ३० मीटरमध्ये थांबता येतं.

त्या पोराच्या गाडीला मी कंपनीच्या वॅटचेच नवे हॅलोजन टाकले, रिफ्लेक्टर बदलला, बंपरखाली दोन फॉग लाइट वेगळ्या रिले-फ्यूजवर बसवले. छतासाठी आणलेले त्याचे दिवे परत करायला सांगितले. आणि शेवटचं काम राहू दिलं, कारण ते रिकाम्या गाडीवर होत नाही. केळी भरली की मागचे पाटे (स्प्रिंगा) दबतात, गाडीचं तोंड वर होतं आणि डिपरसुद्धा अप्परसारखा मारायला लागतो. म्हणून लोडिंग झाल्यावर गाडी भिंतीसमोर १० मीटरवर सपाट जागी उभी करायची आणि डिपरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा किती खाली पडते ते पाहायचं. कारला १० ते १३ सेंटिमीटर, उंच दिव्यांच्या ट्रकला १५ ते २०, फॉग लाइटची रेघ त्याहूनही खाली. डावीकडे रेघ थोडी वर चढलेली दिसेल, तो बिघाड नाही, आपल्या बाजूची कड दिसावी म्हणून ती तशीच असते.

माझ्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर खडूने रेघा मारून ठेवल्या आहेत. परवा संध्याकाळी तो सावद्याहून भरून निघाला की आधी तिथेच येणार आहे.