प्राध्यापकांना वेगळं प्रशिक्षण कशाला?

‘वीस वर्षं वर्गात शिकवलंय, मग दूरशिक्षणाचं वेगळं प्रशिक्षण कशाला?’ आपल्याकडच्या प्राध्यापकांच्या चर्चेत हा सूर पुन्हा पुन्हा लागतो आणि इंग्लंडात बसून तो ऐकताना डोकं फिरतं. कॅमेरा लावा, नेहमीचं व्याख्यान द्या, पीडीएफ चढवा, झालं!

वर्गात विद्यार्थ्याच्या कपाळावरची आठी दिसते आणि आपण वाक्य बदलतो. रात्री दहाला घरी पान उघडणाऱ्याची आठी लिहितानाच ओळखावी लागते. फर्ड्या वक्त्याला हेच जास्त जड जातं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षणासाठीच्या २०२० च्या नियमावलीत एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचा अभ्यास. दूरशिक्षणाचं पाठ्यसाहित्य लिहिणारा नवखा लेखक त्यात अख्खं पुस्तक कोंबतो, कारण तो फक्त वाचनाचे तास मोजतो. उदाहरणं सोडवण्याचे, अडकून मागे जाण्याचे तास त्याच्या हिशेबात नसतात. म्हणून आधी वेळ वाटायची: वाचन १२, कृती आणि स्वयंचाचणी १०, गृहपाठ ५, उजळणी ३, असं काहीतरी. उद्दिष्टात ‘समजेल’ चालत नाही, ‘काढता येईल’ हवं. दोन-तीन पानांनी एक प्रश्न, आणि उत्तरात चुकीचा पर्याय बरोबर का वाटतो तेही. मग चार-पाच विद्यार्थ्यांना तो भाग एकट्याने सोडवू द्यायचा, आपण तोंड उघडायचं नाही. छपाईची तारीख जवळ आली की नेमकी हीच पायरी गळते.

खरी परीक्षा गृहपाठावरच्या शेऱ्यात. ४, ८, ६, २, १० या नमुन्यावरून समूहाचं प्रमाण विचलन काढायचंय आणि विद्यार्थ्याने २.८३ लिहिलंय. ‘चूक, पुन्हा वाचा’ हा शेरा फुकट. त्याऐवजी: ‘सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४० बरोबर आली. तुम्ही ५ ने भागलंत. हे पाच आकडे म्हणजेच पूर्ण समूह असता तर ते बरोबर ठरलं असतं. इथे नमुना आहे, ४ ने भागून पाहा.’ मग ३.१६ त्याचं त्यालाच सापडतं. असा शेरा लिहायला सरावच लागतो.

इकडच्या ओपन युनिव्हर्सिटीत टीएमएवरचे (शिक्षकाने तपासायच्या गृहपाठावरचे) असोसिएट लेक्चररचे, म्हणजे तिथल्या शिक्षकाचे, शेरेही मॉनिटरिंगमध्ये तपासले जातात. आपल्याकडे दूरशिक्षणात मार्गदर्शन करणाऱ्या समंत्रकाच्या शेऱ्यावर कुणी शेरा मारून पाहावा!

तुलना सोयीची आहे, कबूल. २०२० मध्ये इथल्याही कित्येक प्राध्यापकांनी तासाभराची रेकॉर्डिंगं चढवून हात झटकले. आणि आपल्याकडे हे कुणाला ठाऊकच नव्हतं असंही नाही. नाशकात १९८९ मध्ये राम ताकवल्यांनी मुक्त विद्यापीठ उभं केलं. इग्नू या राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने १९९३ मध्ये दूरशिक्षणातल्या खास प्रशिक्षणासाठी ‘स्ट्राइड’ ही संस्था काढली. ‘भारतात हे होतच नाही’ असं कुणी इंग्रज म्हणाला तर हीच नावं मी त्याच्या तोंडावर फेकेन. ‘आपल्याकडे’ लिहायचं आणि दाखला इथला द्यायचा. या वादात मी नक्की कुठल्या बाजूला बसलोय, मलाच कळत नाही.

तरी लांबून ‘चूक’ लिहून थांबणं बरं नव्हे. प्राध्यापकांच्या रिफ्रेशर कोर्समधली निम्मी व्याख्यानं काढून टाका. प्रत्येकाकडून स्वतःच्या विषयाची दहा पानं लिहून घ्या, पाच खऱ्या गृहपाठांवर शेरे लिहून घ्या, आणि ते शेजारच्याला वाचायला द्या. प्रमाणपत्र त्यानंतर.