ब्रिटनीच्या गाण्यातली व्हायोलिन्स आणि माजोर्ड्याचे मास्तर

‘ब्रिटनी स्पिअर्सच्या टॉक्सिकमध्ये लताबाईंचं गाणं!’ हे रील अधूनमधून फिरत येतं. मला असले शोध मनापासून आवडतात, दिसले की मी लगेच पुढे पाठवते. पण बहुतेक रील्स ‘बघा, आपलं गाणं!’ एवढं ओरडून थांबतात आणि खरी गंमत तिथेच राहून जाते.

गाणं आहे ‘एक दूजे के लिए’ (१९८१) मधलं ‘तेरे मेरे बीच में’. ‘टॉक्सिक’मध्ये ना लताबाईंचा आवाज आहे, ना एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचा. घेतल्यात त्या व्हायोलिन्स. हेडफोन लावून दोन्ही गाणी पाठोपाठ ऐका. वरच्या पट्टीत सपकन चाबूक ओढावा तसा तो व्हायोलिनचा तुकडा लगेच ओळखू येतो. स्वीडनच्या ब्लडशाय अँड अवांत या जोडीने तो कापून, जोडून गाण्याचा कणाच करून टाकला. ‘टॉक्सिक’ला पुढे २००५ मध्ये ग्रॅमी मिळालं.

आता मागे चला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं. प्यारेलाल स्वतः व्हायोलिनवादक, आणि त्यांचे व्हायोलिनचे गुरू गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. हो, तेच! ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात प्यारेलालजींनी आपल्या गुरूंचं नाव अजरामर केलं. माजोर्ड्यापासून ब्रिटनीपर्यंतची ही वाट रीलमध्ये सांगायला किती वेळ लागतो? दहा सेकंद.

‘जान पहचान हो’चंही तेच. ‘गुमनाम’ (१९६५) मधलं हे गाणं २००१ च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटाच्या सुरुवातीलाच वाजतं, नंतर बिअरच्या जाहिरातीतही आलं. जगभरचे लोक त्या ‘मास्कवाल्या मुलीवर’ फिदा. अहो, तिला नाव आहे: लक्ष्मी छाया. मान झटकत, केस उडवत ती जे नाचलीय ते आज बघतानाही दम लागतो. आणि पडद्यावर रफीसाहेबांच्या आवाजावर ओठ हलवणारे आहेत नृत्यदिग्दर्शक हर्मन बेंजामिन.

नावाचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. २००२ मध्ये ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘ॲडिक्टिव्ह’ अमेरिकेत गाजलं. त्यात लताबाई चक्क ऐकू येतात, ‘ज्योती’तल्या ‘थोडा रेशम लगता है’मधून. पण संगीतकार बप्पी लाहिरींचं नाव कुठेच नव्हतं. २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने बजावलं, त्यांचं नाव टाकल्याशिवाय सीडी विकायची नाही. जे न्यायालयाला महत्त्वाचं वाटलं, ते आपल्याला कॅप्शनमध्ये एक ओळ लिहून करता येतं.

मला अजून एक शोध हवाय. ‘तेरे मेरे बीच में’च्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन कुणीकुणी वाजवलं? त्या ताफ्यातलं कुणी तुमच्या घरातलं, वाड्यातलं, ओळखीतलं असेल तर कमेंटमध्ये त्यांच्याबद्दल नक्की लिहा. ती पोस्ट मी सगळ्यात आधी शेअर करीन.