कळंब्यातल्या भांडखोर कैद्यांना सहा महिने कोठडीत? आधी कायदा तरी वाचा

आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज लई फिरायलाय. कळंबा जेलात मारामाऱ्या करणाऱ्यांना सहा-सहा महिने एकट्याला कोंडा, जेलर ठरवेल तेवढे दिवस, कोर्टाचा संबंध नाही, आपोआप सरळ होतील.

जेलर ठरवेल तेवढे दिवस? असं ब्रिटिशांच्या राज्यातसुद्धा नव्हतं. १८६० च्या पीनल कोडात एकांतवास कोर्टानंच द्यायचा, सगळा मिळून ३ महिन्यांच्या वर नाही, एका दमात १४ दिवसांच्या वर नाही आणि मध्ये किमान तेवढीच गॅप, आणि हेच नवीन न्याय संहितेत कलम ११-१२ मध्ये जसंच्या तसं आलंय. जेलच्या शिस्तीसाठी १८९४ साली कायदा आला, त्यात वेगळं ठेवता येतं, पण रोज तासभर तरी बाहेर फिरवायचं आणि जेवायला सोबत कोणतरी पाहिजे. त्याहून कडक कोठडी १४ दिवसच, आणि तिथंही बाकीचे कैदी नजरेला पडले पाहिजेत. कोठडीत २४ तासांच्या वर ठेवलं की डॉक्टरनं दिवसातनं एकदा तरी बघायचंच.

कोर्टाचा संबंध नाही म्हणणाऱ्यांनी १९७८ ची सुनील बत्रा केस बघावी. तिहारमधला फाशीची शिक्षा झालेला कैदी, तरी सुप्रीम कोर्टानं सांगितलं की जेलवाल्यांना आपल्या मनानं एकांतवास देता येत नाही. मग कळंब्यातला कच्चा कैदी, ज्याचा गुन्हा अजून शाबितच नाही, त्याला कुठल्या हिशोबानं कोंडणार? देशातल्या जेलांत चारातले तीन जण कच्चेच आहेत.

आता ‘सरळ होतील’. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात शिक्षेची बरीच वर्षं एकट्यानं काढलेला एक कैदी २०१३ च्या जानेवारीत कोठडीतनं थेट रस्त्यावर सोडला, आणि मार्चमध्ये त्यानं राज्याच्या जेल खात्याच्या प्रमुखालाच घरी जाऊन गोळी घातली. त्यांच्या जागी आलेला अधिकारी स्वतः एक रात्र तसल्या कोठडीत राहिला आणि २०१७ पर्यंत त्यानं लिमिट १५ दिवसांवर आणलं. हा जेल चालवणारा माणूस होता, कुठला आंदोलक नव्हे. माणूस एक ना एक दिवस सुटतोच ओ, आणि सुटून आपल्याच गल्लीत येतोय.

चाकू काढला तर त्याला त्या क्षणी बाजूला काढलाच पाहिजे, त्यात वादच नाही, बाकीचे कैदी आणि ड्युटीवरचा शिपाई पण माणसंच आहेत. पण ऑर्डर लेखी पाहिजे, कारण आणि संपायची तारीख घालून, आणि बराकीत परत कधी, कुणाच्या शेजारी ठेवणार हे त्याच दिवशी ठरवा.