पाकीट संपलं, पाय तसाच

जॉर्डन कुष्ठरोगातून सुटला, ही बातमी तुम्ही वाचलीच असेल. वकिलाने ती कट्ट्यावर आणली ती स्वतःच खटला जिंकून आल्याच्या थाटात. हातात कागद, आवाज कोर्टातला. "1985 साली जगभरात नोंदीवर 52 लाख कुष्ठरुग्ण होते. 1991 मध्ये जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेचा ठराव झाला, 2000 पर्यंत दर दहा हजारांत एकाच्या खाली आणायचे. झालं की नाही? झालं! आपणही 2005 च्या अखेरीस तिथं पोचलो. आता एक अख्खा देश सुटला. टाळ्या वाजवा लोकहो!"

बंड्याने वाजवल्या. बंड्या कशालाही वाजवतो.

ताई गप्प राहिली, तेव्हाच कळलं की आज वकिलाची धडगत नाही. तिचं निम्मं आयुष्य बधिर हातापायांना व्यायाम देण्यात आणि तळव्यांच्या जखमा धुण्यात गेलंय.

"वीस वर्षांवर तिथं स्थानिक लागणीचा एकही रुग्ण नाही, याचं मलाही कौतुक आहे," ती म्हणाली. "पण तुझा दहा हजारांत एक, हा आकडा कुणाचा रे?"

"रुग्णांचा."

"औषध चालू असलेल्या रुग्णांचा. सहा किंवा बारा महिन्यांची पाकिटं संपली की आरएफटी, म्हणजे उपचारमुक्त. नाव यादीतून बाहेर. सांसर्गिक रुग्णाला आधी 24 महिने औषध होतं, ते 12 वर आणलं. त्यात चूक काही नव्हतं, पण यादी आपोआप आखूड झाली. एकाही माणसाचं वाकडं बोट त्याने सरळ झालं नाही."

"म्हणजे औषध खोटं?"

वकिलाची ही खोड जुनी आहे. समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालायचं आणि मग तेच खोडून काढायचं. कॅरममध्ये राणीच्या बाबतीतही तो हेच करतो.

"औषध सोन्यासारखं आहे," ताई म्हणाली. "नुसत्या डॅप्सोनला जंतू दाद देईना, तेव्हा 1981 मध्ये रिफाम्पिसिन आणि क्लोफाझिमिन जोडीला घेऊन एमडीटी, म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार, आली. 1995 पासून ती जगभर फुकट मिळते. आधी निप्पॉन फाउंडेशनच्या पैशातून, 2000 पासून नोव्हार्टिस या औषध कंपनीकडून. जगाने इतक्या एकजुटीने फार थोड्या आजारांसाठी काम केलंय. माझं भांडण गोळीशी नाही, ढोल पिटण्याशी आहे. 2001 मध्ये जगात साडेसात लाखांवर नवे रुग्ण सापडले. 2005 मध्ये तीन लाखांच्या आत. हा जंतू दुप्पट व्हायलाच बारा-चौदा दिवस घेतो, लक्षणं दिसायला पाच वर्षं लागतात, कधी वीस. तो चार वर्षांत एवढा पळाला? पळाले ते शोधणारे! उद्दिष्ट गाठलं म्हटल्यावर घरोघर चट्टे तपासत फिरणार कोण? आणि 2023 मध्येही 1 लाख 82 हजार नवे रुग्ण निघालेच, त्यातले निम्म्याहून जास्त भारतात."

वकिलाने कागद उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

मास्तर म्हणाले, "घोळ शब्दाचा आहे. ठरावात होतं ते 'सार्वजनिक आरोग्याची समस्या' या अर्थाने दूर करणं. आपण म्हटलं निर्मूलन. निर्मूलन म्हणजे मुळासकट. ऐकणाऱ्याने मुळासकट असंच समजलं, तर त्याची काय चूक?"

मास्तरांनी एखाद्या शब्दाची फोड सुरू केली की आम्ही एरवी विषय बदलतो. आज कुणी बदलला नाही.

बंड्याला अधूनमधून काहीतरी नवं सांगायची हौस. "पण आता रिफाम्पिसिनचा एकच डोस घरच्यांना आणि शेजाऱ्यांना देतात ना? 2018 पासून जागतिक आरोग्य संघटनाच सांगते."

"द्यावाच," ताई म्हणाली. "त्याने धोका कमी होतो. पण शेजारी विचारणार, मलाच का? त्याला काय सांगशील?"

"मग आधी रुग्णालाच विचारायचं, सांगू का म्हणून."

"बघ, टाळ्या वाजवल्या नाहीस की कसं शहाण्यासारखं बोलतोस!"

कायद्याचा वास आल्यावर वकील पुन्हा जिवंत झाला, आणि खरं सांगायचं तर इथं त्याचं ऐकण्यासारखं होतं. 1897 च्या बर्लिन परिषदेने रुग्णांना वेगळं ठेवण्यावर भर दिला, तो विचार जगाच्या अंगवळणी पडला. जपानचा तसला कायदा 1996 पर्यंत टिकला. 2001 मध्ये तिथल्याच कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला भरपाई द्यायला लावली. ब्राझीलने 2007 मध्ये सक्तीने डांबलेल्यांना निवृत्तिवेतन दिलं. 2010 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध ठराव केला.

"आणि आपल्याकडे घटस्फोटाचं कारण म्हणून कुष्ठरोग कायद्यातून कधी गेला?" ताईने विचारलं.

"2019."

"2005 मध्ये रोग गेला म्हणता, आणि बायको सोडायला तो 2019 पर्यंत पुरला."

यावर वकीलही निरुत्तर. मास्तर जमिनीकडे बघत होते. त्यांनी एका पोराला गालावरच्या चट्ट्यामुळे वेगळ्या बाकावर बसवलं होतं. ताई ते अजून विसरलेली नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

"गोळ्या सुरू झाल्या की लागण थांबते, हे तू मला सांगितलंस," मास्तर हळूच म्हणाले, "पण तोवर त्याने शाळा सोडली होती."

"सांगायला मीच उशीर केला, मास्तर."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग वकील उठला. दीड तास मांडी घालून बसल्यामुळे डाव्या पायाला मुंग्या आलेल्या. चपला सरकवून तो लंगडत निघाला, तोच मास्तर ओरडले, "अरे वकिला, डाव्या पायात माझी चप्पल आहे!"

वकिलाने वाकून पाहिलं. खरंच मास्तरांची होती, तीही दोन अंगठे मोठी. त्याला पत्ताच नव्हता.

"मुंग्या उतरल्या की कळेल त्याला," ताई म्हणाली. "ज्याला कधीच कळणार नाही त्याला मागे पट्टा असलेली एमसीआर, म्हणजे मऊ रबराची, चप्पल लागते. ती तुझ्या कागदात कुठे लिहिलीय ते उद्या शोधून आण."

"उद्या पुढची तारीख मागतो," वकील म्हणाला, आणि भिंतीला धरून पाय झटकू लागला. बंड्या हसून हसून कट्ट्यावरून घसरला. मास्तर एका पायावर उभे राहून चपलेची वाट बघत होते आणि ताई डोळे पुसत हसत होती.