अंगात क्लार्क्सन आला तर काय करावं?

लांबच्या प्रवासाला सोबत कोण असावं हा प्रश्न पूर्वी सोपा होता. ज्याला गाडी लागत नाही आणि जो दर अर्ध्या तासाला थांबायला लावत नाही, तो चालायचा. आता तेवढ्यावर भागत नाही. हल्ली प्रत्येक मित्रमंडळात निदान एक जण असा असतो ज्याने बीबीसीच्या 'टॉप गिअर' या मोटारींच्या कार्यक्रमाचे जुने भाग तीन-तीनदा पाहिलेले असतात. त्याने स्टिअरिंगला हात लावला रे लावला की त्याच्या अंगात येतं. तेव्हा कोण आलेलं चालेल, हे निघण्याआधीच ठरवून घेतलेलं बरं. मागाहून अंगारे-धुपारे करून उपयोग होत नाही.

मी गेल्या रविवारीच या विषयाचा अभ्यास केला. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं टाकून, पावणेदोन तास. तेव्हा माझ्या सूचना ऐकीव नाहीत. लिहून घ्या.

सुरुवात अर्थातच जेरेमी क्लार्क्सनपासून, म्हणजे कार्यक्रमाच्या तिघा सूत्रसंचालकांतल्या म्होरक्यापासून. तुम्हाला बोलायचा कंटाळा असेल तर याच्यासारखी सोबत नाही. तुम्ही फक्त 'हं' म्हणायचं, तेही त्याने श्वास घेतला तर. तुमची गाडी किती भिकार, ती घेणारा किती भिकार, ती ज्या देशात बनली तो देश किती भिकार, हे सगळं तो गाव संपायच्या आत सांगून मोकळा होतो. परदेशांबद्दल तर त्याला फार जिव्हाळा. डिसेंबर २०११ मध्ये भारतातला खास भाग दाखवला, त्यात साहेबांच्या जग्वारच्या डिकीवर कमोड बसवलेला होता. लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे नाराजी कळवली. २०१४ मध्ये अर्जेंटिनात त्याच्या पोर्शेची नंबरप्लेट १९८२च्या फॉकलंड युद्धाची आठवण करून देणारी निघाली. निव्वळ योगायोग, असं कार्यक्रमवाल्यांचं म्हणणं. लोक खवळले, तेव्हा तिघे सूत्रसंचालक विमानाने निघून गेले. दगड खाल्ले ते गाड्या घेऊन मागे राहिलेल्या चमूने. गाड्या रस्त्यातच टाकून त्यांनी चिलीची हद्द गाठली. हे 'मागे राहिलेल्या' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

क्लार्क्सनला जेवण वेळेवर द्या, आणि गरम द्या. ही सूचना किरकोळ समजू नका. मार्च २०१५ मध्ये यॉर्कशरच्या एका हॉटेलात चित्रीकरणाहून परतायला उशीर झाला, गरम स्टेक मिळेना, समोर आलं थंड मांसाचं ताट. साहेबांनी निर्मात्यावर हात टाकला. त्या बिचाऱ्याला रुग्णालयात जावं लागलं, आणि जगभर पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमाचा मुख्य माणूस बीबीसीने घरी बसवला. एका ताटापायी! आपल्याकडे वरबाप रुसायचे, पण ते निदान नुसते पाटावरून उठायचे.

आता रिचर्ड हॅमंड, तिघांतला दुसरा, चणीने लहान. गाडीत जागा कमी असेल तर हा न्या. स्वभावाने लाघवी, आणि भंगारावर जीव लावणारा. बोत्स्वानाच्या भागात त्याच्याकडे १९६३ची ओपल कॅडेट होती. तिचं त्याने ऑलिव्हर असं नाव ठेवलं, ती नदीत बुडाली तरी खपून पुन्हा सुरू केली, आणि शेवटी ब्रिटनला घरी नेली. माणूस लाख आहे, फक्त त्याच्या हाती किल्ली देऊ नका. सप्टेंबर २००६ मध्ये जेट इंजिनाच्या गाडीत ताशी ४६० किलोमीटरच्या वर असताना पुढचा टायर फुटला आणि गडी दोन आठवडे कोमात. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडला डोंगरउतारावरून विजेवरची रिमॅक खाली घातली, गाडी जळून खाक, याचा गुडघा मोडला. दोन्ही वेळा वाचला. कसा वाचला, तेही पुढे सांगतो.

स्टिग, म्हणजे कार्यक्रमातला हेल्मेटने चेहरा झाकलेला निनावी ड्रायव्हर: तोंडच उघडत नाही. आदर्श सहप्रवासी. (तरी २०१० मध्ये एका स्टिगने पुस्तक काढलंच, आणि ते थांबवायला गेलेली बीबीसी कोर्टात हरली. भरवसा मुक्याचाही नाही.)

फ्लिंटॉफ: वानखेडेवर शर्ट काढून धावला होता, तोच इंग्लंडचा क्रिकेटपटू, पुढे 'टॉप गिअर'चा सूत्रसंचालक झाला. लॉर्ड्सवर गांगुलीने तो हिशेब चुकता केला, त्यामुळे गाडीत विषयांना तोटा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये चित्रीकरणात उघड्या तीनचाकी गाडीच्या अपघातात त्याच्या चेहऱ्याला गंभीर इजा झाली, आणि नंतर बीबीसीने कार्यक्रमच थांबवला. इथे थट्टा सुचत नाही.

घाई असेल तर जर्मन रेसर साबिन श्मिट्झ. नुरबर्गरिंग म्हणजे वीस किलोमीटरहून लांब आणि सत्तरच्या वर वळणांचा ट्रॅक, आणि ही बाई तिथे पर्यटकांना बीएमडब्ल्यूत बसवून टॅक्सी फिरवायची. क्लार्क्सनने तिथे डिझेल जग्वार दहा मिनिटांना एक सेकंद कमी ठेवून आणली, कोण कौतुक! साबिनने तीच गाडी नऊ मिनिटं बारा सेकंदांत आणली. मग सामान वाहायची फोर्ड ट्रान्झिट व्हॅन घेतली आणि दहा मिनिटं आठ सेकंदांत फेरी मारली. २०२१ मध्ये कर्करोगाने ती गेली, एक्कावन्नाव्या वर्षी. तिच्यासारखं चालवणारा आमच्यात एकही नाही, पण तसं वाटणारे सगळेच.

राहिला तिघांतला तिसरा, जेम्स मे, म्हणजे 'कॅप्टन स्लो'. मला हा हवा होता. हा उशिरा पोहोचतो, पण गाडीसकट पोहोचतो. गंमत अशी की बुगाटी व्हेरॉन ताशी ४०७ किलोमीटरने पळवून आणली ती या मंद माणसाने. तरुणपणी एका मोटार मासिकात होता, तिथे १९९२ मध्ये वार्षिक पुरवणी लावायचं रटाळ काम अंगावर पडलं, तर पठ्ठ्याने परिच्छेदांची पहिली अक्षरं जुळवून 'हे बनवणं म्हणजे डोक्याला ताप आहे' अशा अर्थाचा निरोप त्यात लपवला. नोकरी गेली. पुढे बीबीसीवर त्याने एक कार्यक्रम केला. त्यात टेबलावर गवत कापायच्या जुन्या यंत्राचे तीनशेवर सुटे भाग मांडलेले, आणि हा ते एकेक करून जोडतोय, तोंडाने गप्पा चालू. तेवढंच. पाहताना झोप येते, पण चांगली झोप.

आणि एक नाव 'टॉप गिअर'च्या बाहेरचं: जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकायच्या 'व्हीलर डीलर्स' या कार्यक्रमातला मेकॅनिक एड चायना. धिप्पाड माणूस, नारिंगी हातमोजे घालून गाडीखाली शिरणार, कोणता बोल्ट कुठून निघतो ते दाखवणार, आणि आपण घरबसल्या मेकॅनिक झाल्यासारखं वाटणार. २०१७ मध्ये त्याने कार्यक्रम सोडला, कारण वर्कशॉपमधलं कामच कमी दाखवायचं घाटत होतं. पाना फिरताना पाहायला वेळ कोणाला आहे? गाडीच्या मालकाशी घासाघीस करतानाची मजा वेगळी.

आता मुख्य सूचना. प्रवासाचे नियम आधी नीट समजून घ्या. 'टॉप गिअर'च्या मोठ्या सफरींचा एक पवित्र नियम आहे: कोणाची गाडी बंद पडली तर बाकीच्यांनी थांबायचं नाही. हॉर्न वाजवायचा, हसायचं आणि पुढे निघायचं. टीव्हीवर फार बहारदार दिसतं. मीही हसलोय. रविवारपर्यंत हसत होतो.

आम्ही दोन गाड्यांनी निघालो. हत्यारांची पेटी मित्राच्या डिकीत, कारण माझ्या डिकीत सगळ्यांचं जेवण. चढणीवर माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण चालू केला. इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, तेवढाच त्याला आराम. भर उन्हात हीटर! मागच्या सीटवर आई पदराने वारा घेत बसलेली. तरी काटा लाल पट्ट्यात गेलाच. बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, तर वाफेचा लोट. तेवढ्यात मागून मित्राची गाडी आली. आली, हळू झाली, काच खाली झाली. आतून मोबाइल बाहेर आला, हॉर्न वाजला, आणि घशातून काढलेल्या त्या क्लार्क्सनी आवाजात ऐकू आलं, "मागे राहिला तो मागे!" आणि गेले. खरंच गेले. आई म्हणाली, "पुढून वळून येतोय ना रे तो?" मी म्हटलं, येतोय.

गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं, एवढं मला कळतं. आतलं पाणी दाबामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळायचं थांबलेलं असतं. झाकण सैल केलं की तोंडावर येतं. म्हणून बसून राहिलो. गार झाल्यावर पाहिलं, तर वरच्या होज पाइपाची क्लिप सैल झालेली आणि खाली हिरव्या कूलंटचं डबकं. काम एका स्क्रू ड्रायव्हरचं. स्क्रू ड्रायव्हर पेटीत. पेटी मित्राच्या डिकीत. मी नेलकटरच्या कानशीने तो स्क्रू फिरवायला गेलो. कानस दर वेळी सटकायची आणि बोटाचं सालपट निघायचं. फोन लावला, तर हसून कट केला. तोवर ग्रुपवर व्हिडिओ आला होता: वाफ, मी, आणि खाली हसून डोळ्यांतून पाणी काढणारी चौदा पिवळी तोंडं.

शेवटी एक मोटारसायकलवाला थांबला. नाव विचारलं नाही, गाडी कोणती ते पाहिलं नाही. सीटखालून स्क्रू ड्रायव्हर काढला, चार आटे फिरवले, पाइप हलवून पाहिला, प्यायच्या बाटल्या आत ओतायला लावल्या आणि गेला. त्याच्या अंगात कोणीही आलेलं नव्हतं.

आणि मग मित्राचा फोन आला. गाडी सुरू झाली का, हे विचारायला नाही. जेवण कधी पोहोचतंय, हे विचारायला.

आता सूचना पुरे. सरळच बोलतो, कारण तू हे वाचणार आहेस आणि तुझ्यासारखे आणखी बरेच वाचणार आहेत. अरे, टीव्हीवर मे एकटा मागे पडलेला दिसतो, म्हणजे त्याच्यासमोर कॅमेरा धरून कोणीतरी उभं असतं ना? मागे ध्वनीवाला असतो, मेकॅनिक असतो. बोत्स्वानात गाडी मेली तर बसायला पर्यायी बीटल तयार ठेवली होती. हॅमंड वाचला तो नशिबाने नाही, धावपट्टीवर बचावाची माणसं उभी होती आणि रुग्णवाहिकेचं हेलिकॉप्टर आलं म्हणून. तिथे कोणी कोणाला सोडून जात नाही, सोडून गेल्यासारखं दाखवतात. तू खरोखर गेलास. अर्जेंटिनात मागे राहिलेल्यांनी दगड खाल्ले, तो भाग तू तीनदा पाहिलास आणि त्यातून शिकलास काय, तर हॉर्न कधी वाजवायचा!

घ्यायचं तर त्या माणसांकडून काही कमी होतं का? एकाने बुडालेली गाडी टाकली नाही. एकाने तीनशे तुकडे शांतपणे जोडले. एड चायनाने तर हात कुठे घालायचा तेही शिकवलं. यातलं कोणी तुमच्या अंगात कसं येत नाही? नेमका क्लार्क्सनच कसा येतो, आणि त्याचीही गाड्यांची जाण येत नाही, नुसता आवाज आणि जेवणाची घाई येते? सत्तरी ओलांडलेली बाई उन्हात बसली होती. तुला ती काचेतून दिसली होती, कारण व्हिडिओत ती आहे. दुसऱ्या सेकंदाला. मी थांबवून पाहिलंय.

तो व्हिडिओ आज काढून टाक. पेटी आणून दे. आणि फोन मला करू नकोस, आईला कर.