आखूड बोर्डवर ४० वेळा पडलेल्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण त्यातली एक गोष्ट पाण्यात उतरून बघितल्याशिवाय मला लिहायचं नव्हतं.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. १० फूट ६ इंची स्टँड-अप पॅडलबोर्ड (उभं राहून पॅडलने, म्हणजे वल्ह्याने, हाकायची तरंगती फळी) सोडून मी लाटांसाठी ८ फूट ६ इंचीवर आले, हे मागच्या लेखात लिहिलं होतं. ते वाचून तुम्ही त्याच मापाचा, १०५ लिटरचा, जुना बोर्ड गोव्याहून मागवलात, गावच्या पाझर तलावात उतरवलात आणि एका सकाळी ४० वेळा पडलात. वय ४७, वजन ९२ किलो. तुम्ही लिहिलंत, "ताई, लांब बोर्डवर मी पोराला पुढे बसवून तलाव पार करायचो. या फळीवर धड उभं राहता येत नाही. खान्देशात लाट नाही, मग लोकांना हे कशाला सांगता? पैसे गेले ते गेले, वर गावात हसू झालं."

पहिली गोष्ट, चूक माझी आहे. मी बोर्डची लांबी लिहिली, लिटर (म्हणजे बोर्डचं आकारमान) लिहिले, पण माझं वजन लिहिलं नाही. माझं वजन ६१ किलो. तेवढी एक ओळ लेखात असती तर तुम्ही हा बोर्ड घेतलाच नसता. तुमच्या पैशांचं आणि त्या सकाळचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता हिशेब बघा. १०५ लिटरचा बोर्ड पूर्ण बुडाला तर गोड्या पाण्यात १०५ किलो तोलून धरतो, त्याहून जास्त नाही. माझे ६१, बोर्डचे स्वतःचे साधारण ८, पॅडल आणि ओले कपडे मिळून २ धरा. झाले ७१. म्हणजे मी उभी असताना ३४ लिटर बोर्ड पाण्याच्या वर असतो. तुमचे ९२, अधिक ८, अधिक २. झाले १०२. तुमच्या पायाखाली उरले फक्त ३ लिटर. तीन तांबे पाणी म्हणा ना! जरा पुढे झुकलं की नाक पाण्यात, मागे झुकलं की शेपूट पाण्यात. त्या बोर्डवर ४० वेळा पडलात याचा अर्थ ४० वेळा पुन्हा वर चढलात, आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बुडत्या बोर्डवर पाण्यातून चढणं किती दमवतं ते मला रविवारी कळलं.

रविवारी सकाळी तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला गेले. सोबत भाचा होता, वजन ३१ किलो. त्याला लाइफ जॅकेट घालून बोर्डवर माझ्या पुढ्यात बसवलं. दोघांचे मिळून बरोबर ९२. मी गुडघ्यांवरून उठायला लागले तसं पाणी बोर्डच्या कडेवरून वर आलं, आधी माझ्या बोटांवरून, मग घोट्यांवरून. बोर्ड पायाखाली आहे हे कळत होतं, पण दिसत नव्हता. पॅडल मारायला खांदा थोडा वळवला आणि डावी कड खाली गेली ती वर आलीच नाही. दोघंही पाण्यात. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच झालं. भाच्याला मजा आली, मला मात्र तुमची सकाळ दिसत होती.

तलाव आणि समुद्र यातही थोडा फरक पडतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. तुमचे १०२ किलो समुद्रात साडेनव्याण्णव लिटरवरच तरले असते, म्हणजे आणखी अडीच लिटर बोर्ड वर राहिला असता. एवढ्याने तुमची अडचण सुटली नसती. पण जो गोव्याच्या किनाऱ्यावर बोर्ड बघून घेतो आणि आपल्याकडे तलावात उतरवतो, त्याला तो जरा खोल बसलेला वाटणारच.

तेव्हा माझं म्हणणं मी नीट मांडते. आखूड बोर्ड आणि कमी लिटरचा बोर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लेखात मी त्यांची सरमिसळ केली. लांब बोर्डवरून आखूडकडे येणाऱ्याने पहिल्या टप्प्यात लांबी कमी करावी, लिटर जपावेत. लाटा शिकणाऱ्यासाठी वजनाच्या दीडपट ते पावणेदोनपट लिटर मी धरते. तुमच्यासाठी ते १४० ते १६० होतात. साधारण ९ फूट २ इंच लांब, ३१-३२ इंच रुंद, १४५ लिटरच्या पुढचा बोर्ड. रुंदी तर मुळीच कमी करू नका. उभ्या माणसाचा डावा-उजवा तोल लांबीपेक्षा रुंदीवर जास्त असतो. माझा बोर्ड २९ इंच रुंद आहे. ते मापही तुम्ही माझ्यावर विसंबून घेतलंत, म्हणजे तिथेही नुकसान झालं.

आता समजा लिटर बरोबर आहेत. तरीही आखूड बोर्ड पहिले काही दिवस छळतो, ते खरं आहे. लांब बोर्ड पॅडलच्या एका फटक्यात सरळ सरकत राहतो. आखूड बोर्ड प्रत्येक फटक्याला नाक वळवतो. उजवीकडे मारला की डावीकडे पळतो. आणि थांबलं की लगेच डुलायला लागतो. आपण घाबरून काय करतो, पॅडल उचलून हातात आडवं धरतो आणि दोन्ही पाय घट्ट रोवतो. तिथेच पडतो.

माझं बालपण यावल तालुक्यातलं. आजोबा वखर हाकायचे तेव्हा वजनाला आम्हा पोरांना वखरावर उभं करायचे. ज्याला वखरावर उभं राहता यायचं तो दोन्ही पाय शेजारी ठेवून उभा राहायचा नाही. एक पाय जरा पुढे, एक मागे, गुडघे सैल, हात आजोबांच्या कमरेला. ढेकूळ आलं की पाय आपोआप दबायचे आणि उचलायचे, डोकं मात्र एका उंचीवर. गुडघे ताठ केले की पुढच्याच ढेकळाला जमिनीवर. आखूड बोर्डवर मला तीच उभं राहण्याची रीत पुन्हा सापडली. लांब बोर्डवर आपण दोन्ही पाय समांतर ठेवून, नाकाकडे तोंड करून उभे असतो. आखूड बोर्डवर एक पाय वीतभर मागे घ्या, पंजा जरा बाहेर वळवा. मग डुलणं फक्त डावं-उजवं राहत नाही, पुढे-मागेही सावरता येतं. आजोबांच्या कमरेची जागा इथे पॅडलने घेतली.

पॅडल पाण्याबाहेर ठेवू नका, दादा. सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं तर हे ठेवा. पाण्यात असलेलं पातं म्हणजे तुमचा तिसरा पाय. फटके लहान घ्या, पाऊल असतं तिथवर आलं की पातं बाहेर काढा. त्याहून मागे ओढलंत की नाक आणखी वळतं. दांडा शक्य तेवढा उभा धरा, पातं बोर्डच्या कडेला लागून चालू द्या. दोन-तीन फटके एका बाजूला, मग दुसऱ्या. तोल गेलाच तर पात्याची मागची बाजू पाण्यावर आडवी टेकवून क्षणभर दाबा, शरीर वर येतं. तळ्यात फक्त हे टेकवणं दहा मिनिटं करून बघा, मुद्दाम तोल घालवून. आणि पॅडलही जरा आखूड करा. सपाट पाण्यावर डोक्याच्या वर सहा-आठ इंच ठेवतो, लाटांसाठी दोन-चार इंच पुरतात. गुडघे वाकवून राहायचं असतं, मग लांब दांडा हातात अडतो.

"लाट नाही तर कशाला" याचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. लाट आपल्याकडे नाही हे खरंच आहे. आपली तापी उकाईवरून सुरतेला जाते आणि डुमसजवळ समुद्राला मिळते, पण तिथे खंबातच्या आखाताची मोठी भरती-ओहोटी आणि चिखल, सर्फिंगची लाट नाही. मी भुसावळहून मंगला एक्स्प्रेसने उडुपीला जाते आणि तिथून जवळच मुल्कीला. वर्षातून एकदा, जमलंच तर दोनदा. तिथे पहिल्या दिवशी आखूड बोर्डवर लाट पकडायला गेले आणि लांब बोर्डच्या सवयीने लाट फुटते तिथून खूप पुढे, खोल समुद्राकडे उभी राहिले. लांब बोर्ड पाण्याला लवकर लागतो, लाट उंचावायच्या आधीच सरकायला लागतो. आखूड बोर्डला ती घाई चालत नाही. लाट आली, मला उचललं आणि खालून निघून गेली. सकाळभर तसंच. मग शिकवणाऱ्याने मला फुटणाऱ्या पाण्याच्या जवळ, दहा-पंधरा पावलं काठाकडे नेऊन उभं केलं. चार जोराचे फटके, पाय मागे, फिनच्या (बोर्डच्या शेपटीखालच्या पंखाच्या) वर, आणि कमरेएवढ्या त्या लाटेवर बोर्ड एका टाचेच्या दाबाने वळला. लांब बोर्ड मी आजवर तसा वळवू शकले नव्हते. त्या एका वळणासाठी मी हे सगळं करते. त्या आधीचे तीन महिने हतनूरच्या बॅकवॉटरला पडत काढले नसते तर मुल्कीला उभी राहण्यातच चार दिवस गेले असते.

म्हणून तलाव निरुपयोगी नाही. दुपारनंतर वारा सुटला की हातभर लाटा उठतात, त्या आडव्या घेऊन उभं राहायचा सराव समुद्रासाठी खूप मोलाचा आहे. फक्त वारा काठाकडे येणारा हवा. काठापासून आत ढकलणाऱ्या वाऱ्यात आखूड बोर्डवरून परत येणं फार जड जातं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण मला सांगायलाच हवी. घोट्याला बांधायचा लीश, म्हणजे बोर्ड आपल्याला जोडून ठेवणारी दोरी, समुद्रासाठी ठीक आहे. तापीला पाणी सुटलेलं असेल, प्रवाह असेल, झुडपं बुडालेली असतील, तिथे घोट्याचा लीश फांदीत अडकला तर वाकून सोडवता येत नाही, पाणी माणसाला खाली दाबून ठेवतं. तिथे कमरेला बांधायचा, एका ओढीत सुटणारा पट्टा वापरा. धरणाचे दरवाजे उघडे असताना तर खालच्या बाजूला उतरूच नका. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, पावसाळ्यात ते कधी उघडतील हे काठावर उभं राहून कळत नाही. जलाशयात उतरण्याआधी पाटबंधारे खात्याला विचारा, आणि लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घाला. पोहणारी माणसंही आपल्याकडे दरवर्षी बुडतात.

तुमचा १०५ लिटरचा बोर्ड विकू नका, असं मी म्हणेन. तुमचा मुलगा किती किलोचा आहे ते लिहा. ५०-६० च्या घरात असेल तर बोर्ड त्याचा झाला. तुमच्यासाठी माझ्याकडे ९ फूट ४ इंची, १५० लिटरचा बोर्ड आहे. केळीचा ट्रक गोव्याहून रिकामा परत येत होता, त्यात घालून आणलेला. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी बॅकवॉटरला असेन. वारा उठायच्या आत दोन तास मिळतात. तुमचं पॅडल आणा, दांडा तिथेच मापून आखूड करू. आणि पाय कसे ठेवता ते मला काठावरून एकदा बघू द्या, कारण "फळीवर धड उभं राहता येत नाही" म्हणता त्यात लिटरशिवाय आणखी काही असेल तर ते लिहून कळणार नाही.